आठव्या वर्गाची पाटी

टक.

स्वयंपाकघरातल्या विजेच्या भांड्याचं बटण वर उडालं. भात झाला.

एवढाच आवाज. आणि तो ऐकल्यावर पेइ-रूच्या लक्षात आलं, की बराच वेळ झाला, घरात दुसरा कुठलाच आवाज नाही.

साडेचार वर्षांची मुलगी घरात असताना अशी शांतता नसते. असलीच, तर भिंतीवर काहीतरी रंगवलं जात असतं, नाहीतर सासूबाईंच्या क्रीमच्या डबीत बोटं गेलेली असतात.

"थांग-थांग?"



पेइ-रू हात पुसत बाहेर आली.

थांग-थांग जेवणाच्या टेबलाशी बसली होती. दोन्ही हातांची टेबलावर घडी. त्या घडीवर उजवा गाल. पाय जुळवलेले. तोंड खिडकीकडे.

झोपली होती.

जी मुलगी परवापर्यंत दुपारची कधी म्हणून झोपली नव्हती, जिच्याबद्दल बालवाडीच्या बाई रोज कळवतात की 'आजही झोपली नाही, शेजारच्या दोघांनाही झोपू दिलं नाही', ती मुलगी भर दुपारी, कोणी न सांगता, शाळेतल्या मोठ्या मुलींसारखी डोकं टेकून गाढ झोपली होती.

पेइ-रूनं तिला हाक मारली. खांदा हलवला. पुन्हा हलवला.

बऱ्याच वेळानं डोळे उघडले. उघडल्या उघडल्या तिनं विचारलं, "घंटा झाली?"

"कसली घंटा गं?"

"ताई म्हणाली, घंटा होईपर्यंत डोकं वर करायचं नाही."

"कोण ताई?"

"तुझ्या शाळेतली."

पेइ-रू हसली. मग तिचं लक्ष मुलीच्या गालाकडे गेलं…

गालावर वळ उठले होते. झोपून उठल्यावर उठतात तसे. पण टेबल गुळगुळीत होतं, आणि थांग-थांगनं बिनबाह्यांचा फ्रॉक घातला होता.

गालावर विणीची नक्षी होती. जाड लोकरीच्या स्वेटरच्या बाहीवर डोकं ठेवून झोपल्यावर उमटते तशी.

मे महिना होता. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि तरी घाम निथळत होता.

ही गोष्ट घडलेली आहे. थाइनान शहरात, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात. लोकांना सांगितली की पहिला प्रश्न येतो, रात्री किती वाजता? रात्री नाही. यातलं सगळं दिवसाउजेडी घडलं, आणि ज्यांच्यासमोर घडलं त्या दोघीही शुद्धीवर होत्या. शाळेचं नाव मात्र मागू नका. तिथे आजही हजारभर मुलं शिकतात, आणि दुपारी झोपतात.

ती टेबलावर झोपलेली सापडली तो शनिवार. सुरुवात त्याच्या आधीच झाली होती.

पेइ-रू त्या शाळेत इतिहास शिकवते. शाळा शहरातल्या जुन्यातल्या जुन्या शाळांपैकी एक. आधी मुलींची, आता सगळ्यांची. त्या वर्षी शंभरावं वर्ष. शाळेचा इतिहास लिहायचा, मागच्या जुन्या इमारतीत एक प्रदर्शन मांडायचं, आणि हे सगळं नोव्हेंबरच्या आत. काम कोणाच्या गळ्यात पडणार? इतिहासाच्या बाईंच्या. त्यातून नव्या आणि 'नाही' म्हणता न येणाऱ्या.

तिनं तळमजल्यावरची एक मोठी बंद खोली उघडून घेतली. भांडारातून जुनी लाकडी बाकं, खुर्च्या काढून पुसून मांडल्या. फळा टांगला. बाकांवर अ‍ॅल्युमिनियमचे चेपलेले डबे ठेवले. साठ वर्षांपूर्वीचा वर्ग हुबेहूब उभा केला.

राहिल्या होत्या वर्गांच्या पाट्या.

तिथल्या जुन्या शाळांत तुकड्यांना अक्षरं नसतात, सद्गुणांची नावं असतात. निष्ठा, मातृपितृभक्ती, दया, प्रेम, विश्वास, न्याय, सलोखा, शांती. आठ. कोणत्याही लहान मुलाला झोपेतून उठवून विचारलं तरी या क्रमानं सांगेल. पेइ-रूनं सुताराकडे पाट्यांचा संच सांगितला आणि सुतारानं आठ आणून दिल्या. संच आठचाच असतो.

सात पाट्या प्रदर्शनाच्या भिंतीवर गेल्या. भांडार बघणारे ल्वो सर शिडीवर उभे होते.

"मॅडम, ही एक उरली. शांती."

"का? सात जागाच कशा ठेवल्या तुम्ही?"

"आपल्याकडे सातच वर्ग. सलोख्यावर संपतात."

"असं कसं? सगळीकडे आठ असतात."

"सगळीकडे कँटीनमध्ये कोंबडी पण असते. आपल्याकडे फक्त तिचा रस्सा." ल्वो सर शिडीवरून उतरले. "मी आलो तेव्हापासून सातच आहेत बुवा. शांती आपल्याला परवडत नसेल."

पेइ-रूला हसू आलं. एवढी सुंदर कोरलेली पाटी, फेकायची कशी?

तिनं ती त्या खोलीच्या दारावर लावली. जुना वर्ग उभा केलाच आहे, तर त्याला नाव नको?

त्याच आठवड्यात थांग-थांगच्या बालवाडीत एका मुलाच्या हाता-पायांवर पुरळ उठलं आणि नियमाप्रमाणे वर्ग सात दिवसांसाठी बंद झाला. नवरा पो-यान कारखान्यात पाळीवर. सासूबाई, युए-श्या, मुलीच्या बाळंतपणासाठी खाली काओश्युंगला. मग काय, गुरुवारी सकाळी थांग-थांग आईच्या स्कूटरवर पुढे उभी राहून शाळेत आली.

पेइ-रूनं तिला रंगीत खडू दिले आणि प्रदर्शनाच्या खोलीत बसवलं. "इथे कोणी ओरडणार नाही तुला. पण डब्यांना हात लावायचा नाही."

दुपारचं जेवण झालं. झोपेची घंटा झाली.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. हजार मुलांची शाळा, आणि अर्धा तास पान हलत नाही. सगळी डोकी बाकांवर. झोप येवो न येवो, उठायची घंटा होईपर्यंत डोकं वर करायचं नाही. पेइ-रूही लहानपणापासून तशीच वाढलेली. तिनं खिडकीजवळच्या टेबलावर डोकं टेकलं आणि तिला झोप लागली.

घंटेनं जागी झाली तर थांग-थांग तिसऱ्या बाकावर, हातांची घडी घालून, झोपलेली.

आनंदानं तिनं फोटो काढून नवऱ्याला पाठवला. पो-यानचं उत्तर आलं, "ही कोणाची मुलगी? आपली परत आण."

शुक्रवारी पेइ-रू झोपली नाही. जुने बिल्ले लावत बसली.

आधी वास आला… कोळशाचा. ओला कोळसा धुमसतो तसा. तिनं बाहेर जाऊन पाहिलं. कुठे काही नाही.

दारापाशी परत आली तर खिडक्यांच्या काचा धुरकटल्या होत्या. पुसल्या. बाहेरून पुसून काच स्वच्छ होईना.

वाफ आतल्या बाजूनं होती.

थांग-थांग बाकावर झोपली होती. तिला उठवायला कालच्यापेक्षा जास्त वेळ लागला. उठली ती डोकं धरून, "आई, डोकं दुखतंय."

उन्हाचं असेल, पेइ-रूला वाटलं. आईला दुसरं काय वाटणार?

आणि मग तो शनिवार. घरच्या टेबलावर, गालावर लोकरीचे वळ.

त्या संध्याकाळी तिनं मुलीला मांडीवर घेतलं आणि केस विंचरता विंचरता, अगदी सहज विचारतेय असं दाखवत विचारलं, "ती ताई कशी आहे गं?"

"एक नाही. खूप आहेत."

"काय करतात?"

"झोपतात." थांग-थांगला गंमत वाटत होती. "शेजारची ताई मला थोपटते. अशी. थप… थप… थप. तिचे हात गार आहेत. म्हणते, तूही झोप, घंटा झाली की सगळ्या मिळून उठू."

"मग घंटा होते तेव्हा त्या उठतात?"

थांग-थांगनं नकारार्थी मान हलवली. "त्यांना ऐकूच येत नाही."

पेइ-रूचा कंगवा केसांत तसाच राहिला.

रविवारी तिनं सासूबाईंना फोन लावला. शाळेचं काही बोलली नाही. शाळेचा विषय निघाला की सासूबाई तो बदलतात, हे तिला लग्नापासून माहीत होतं. त्या स्वतः त्याच शाळेच्या. पण कधी माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्याला गेल्या नाहीत, घरात एक फोटो नाही. आणि थाइनानभर माणसं दुपारी आडवी होतात तेव्हा या इस्त्री करत उभ्या असतात. पो-यान चिडवायचा, "आई दुपारी झोपली तर वीज खात्याचं नुकसान होईल."

"आई, उद्या याल का लवकर? थांग-थांगला दिवसभर कोणीतरी हवं."

"का? बरी नाही का ती?"

"बरी आहे. फक्त… दुपारी झोपायला लागलीये."

"थांग-थांग? दुपारी?" पलीकडून हसू आलं. "मग मी पण उद्या विमान चालवत येते. दुपारच्या गाडीनं येते, थेट शाळेत. तू कुठे बसतेस ते फाटकावर सांगून ठेव. मासळीची पेज आणते तिच्यासाठी."

सोमवारी पेइ-रूनं ठरवूनच टाकलं होतं. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. थांग-थांगला तिनं शिक्षकांच्या खोलीत आपल्या शेजारी बसवलं. जेवण भरवलं. सासूबाई आल्या की मुलीला घरी पाठवायचं, बस्स.

ती डबा विसळायला नळावर गेली. गेली आणि आली.

खुर्ची रिकामी होती.

खुर्चीखाली चपला. लहानशा, पिवळ्या, एकमेकींना चिकटवून नीट ठेवलेल्या. थांग-थांगनं आयुष्यात चपला नीट ठेवल्या नव्हत्या.

तेवढ्यात झोपेची घंटा झाली.

पेइ-रू धावत सुटली. लांब ओसरी, एकेक वर्ग मागे पडत होता, प्रत्येक खिडकीतून खाली टेकलेली काळीभोर डोकी. पंख्यांची घरघर. स्वतःच्या पावलांचा आवाज. बाकी काही नाही.

जुनी इमारत. तळमजला. दारावर तिनंच लावलेली पाटी.

शांती.

दार तिनं ढकललं… आणि अंगावर काटा आला, कारण आत थंडी होती.

बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि इथे तिच्या तोंडातून वाफ निघत होती. काचा पांढऱ्या. कोळशाचा वास इतका की घसा खवखवला.

थांग-थांग तिसऱ्या बाकावर होती. अनवाणी. हातांची घडी. उजवा गाल. तोंड खिडकीकडे.

गाल गुलाबी होते. सुंदर, टवटवीत गुलाबी. तापलेल्या मुलाचे असतात तसे नाहीत, रंगवलेल्या बाहुलीचे असतात तसे.

"थांग-थांग. ऊठ बाळा. आई आली."

काही नाही.

"ऊठ ना गं राणी. आजी येतेय. पेज आणलीये."

खांदा हलवला. मान सैल. तिनं तिला उचलायला काखेत हात घातले…

मुलगी उचलेना.

पंधरा किलोची मुलगी. पेइ-रू तिला एका हातावर घेऊन दूध तापवते. आणि आता तिला बाकावरून तसूभर वर काढता येईना.

तेव्हा तिला ते ऐकू आलं.

थप…

थप…

थप…

तिनं पाहिलं. थांग-थांगच्या पाठीवर फ्रॉकचं कापड हलकंच दबत होतं. सुटत होतं. पुन्हा दबत होतं. हळुवार. लहान बहिणीला थोपटावं तसं.

पेइ-रू किंचाळली. दारात येऊन जीव खाऊन ओरडली, "कोणीतरी या! माझी मुलगी उठत नाही! या कोणीतरी!"

अंगणापलीकडे दुसरी इमारत. तिथल्या वर्गांच्या खिडक्या सताड उघड्या. रांगाच्या रांगा डोकी.

एकही डोकं वर झालं नाही.

एकही नाही. फळ्यापाशी बसलेल्या बाईंचंसुद्धा.

फोन शिक्षकांच्या खोलीत, पर्समध्ये. तिथे जायचं म्हणजे मुलीला इथे एकटं सोडायचं. पेइ-रूचा पाय उंबऱ्यात अडकल्यासारखा झाला. पुढे टाकवेना, मागे घेववेना. तिच्या पाठीमागे ती थपथप आता आणखी संथ झाली होती.

ओसरीच्या टोकाशी पावलं वाजली.

सासूबाई. हातात पिशवी, डोक्यावर उन्हाची टोपी. "अगं, ओरडतेस काय अशी? शिक्षकांच्या खोलीत पाहिलं तर नुसत्या चपला. मुलांची झोपेची वेळ आहे, लाज…"

वाक्य अर्धंच राहिलं. त्यांची नजर दाराच्या वर गेली होती.

पिशवी खाली पडली. डबा उघडला, पेज फरशीवर पसरली.

"ही पाटी कोणी लावली?"

"आई, थांग-थांग उठत नाही. आत आहे, उठतच नाही…"

"कोणी लावली ही पाटी?"

"मी!"

सासूबाई आत गेल्या. आपल्या नातीकडे त्यांनी आधी पाहिलंच नाही. पहिल्या बाकाकडे पाहिलं. मग दुसऱ्या. मग पुढच्या. बाकामागून बाक, सावकाश, ओळखीच्या चेहऱ्यांवरून नजर फिरावी तशी. त्यांचे ओठ हलत होते. नावं असावीत.

मग बहात्तर वर्षांची ती बाई ताठ झाली. टाचा जुळल्या. हात मांड्यांना चिकटले. आणि पेइ-रूनं कधीही न ऐकलेला आवाज त्यांच्या तोंडून आला. खणखणीत, पोरसवदा, शाळकरी.

"सगळ्या… उभ्या राहा!"

तिथे प्रत्येक तास असा सुरू होतो आणि असाच संपतो. मॉनिटर ओरडते, उभ्या राहा, वाका, बसा. हजारदा ऐकलेली आज्ञा.

थपथप थांबली.

पण कोणी हललं नाही. थांग-थांगही नाही.

सासूबाईंचा आवाज फाटला. "अगं, मी आहे! युए-श्या. घंटा केव्हाच झाली गं. उठा ना. ऐका माझं एकदा तरी… सगळ्या, उभ्या राहा!"

क्षणभर काहीच नाही.

आणि मग…

खर्रर्रर्र!

सगळ्या खुर्च्या एकदम मागे सरकल्याचा आवाज. दगडी फरशीवर, चाळीस-पन्नास खुर्च्यांचा, एका दमात. पेइ-रूच्या तळपायांना तो जाणवला.

एकही खुर्ची जागची हलली नव्हती.

त्यानंतरची शांतता वेगळी होती. आपण रिकाम्या खोलीत आहोत की माणसांच्या घोळक्यात, हे डोळे मिटूनही कळतं ना? तशी.

थांग-थांगनं डोकं उचललं, खोकली, आईच्या अंगावर ओकली आणि गळा काढून रडायला लागली. त्या रडण्याइतकं गोड पेइ-रूनं जन्मात काही ऐकलं नव्हतं. तिनं तिला उचललं. आता ती पिसासारखी हलकी होती.

दारातून निघताना पेइ-रूनं मागे वळून पाहिलं. सासूबाई खोलीकडे तोंड करून, कमरेत वाकून उभ्या होत्या. बराच वेळ.

'बसा' मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

बाहेर उठायची घंटा झाली. अंगणापलीकडे शेकडो खुर्च्या सरकल्या, मुलं जांभया देत, ढकलाढकली करत नळाकडे धावली. जणू काही झालंच नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी थांग-थांगचं रक्त तपासलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि घरच्यांनाच फैलावर घेतलं.

"गॅसचा गिझर बंद बाल्कनीत बसवलाय ना? दर वर्षी सांगतो आम्ही. मुलीच्या रक्तात धुराचा वायू उतरलाय. थोडा उशीर झाला असता तर?"

"आमचा गिझर विजेचा आहे," पेइ-रू म्हणाली.

"मग शेगडी? कोळसा?"

"नाही."

डॉक्टरांनी दोघींकडे पाळीपाळीनं पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

पलंगाशेजारी बसून सासूबाई बोलल्या. फार नाही. नजर नातीच्या पायांवर होती.

"त्या वर्षी हिवाळा कडक होता. आमच्या वर्गाचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, म्हणून आम्हाला त्या खोलीत बसवलं. शेजारी डबे गरम करायची कोळशाची भट्टी. ऊब येते म्हणून आम्ही खूश. खिडक्या सगळ्या बंद."



"मी मॉनिटर. झोपेच्या वेळेत मला कार्यालयात बोलावलं होतं. परत आले तोवर घंटा झालेली, आणि माझा वर्ग झोपलेलाच. मला राग आला. वाटलं, मुद्दाम करतायत, माझी फजिती करायला. मी ओरडले, उभ्या राहा. पुन्हा ओरडले. ओरडतच राहिले… गाल इतके छान दिसत होते गं सगळ्यांचे."

"आई…"

"खिडक्या फोडल्यावर थोड्या जणी शुद्धीवर आल्या. थोड्या. आम्हाला दुसऱ्या वर्गांत वाटून टाकलं, आणि रातोरात पाटी उतरवली. जणू आम्ही नव्हतोच. त्या काळी सरकारचा धाक होता, असल्या गोष्टी बोलायच्या नसत. आईबापांनीसुद्धा नाही."

त्यांनी नातीच्या तळव्यावर पांघरूण ओढलं.

"आज उठल्या," त्या म्हणाल्या. "ऐकलंस ना तू? तूही ऐकलंस ना?"

"ऐकलं, आई."

पेइ-रूनं तिथूनच ल्वो सरांना फोन लावला. ती पाटी आत्ताच्या आत्ता काढा, म्हणून सांगायला. घंटी वाजत होती, तेवढ्यात सासूबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"एकदा काढली होती," त्या म्हणाल्या. "पुन्हा काढायची नाही."

"आणि पुन्हा काही झालं तर? तिथे मुलं आहेत, आई. माझी मुलगी…"

सासूबाईंनी फोन नातीच्या उशाखाली सारला.

पाटी अजून तिथेच आहे. खोलीच्या खिडक्या पेइ-रूनं बिजागऱ्यांसकट काढायला लावल्या, वारा खेळता राहावा म्हणून. शेजारच्या भांडाराची भिंतही फोडून घेतली. ल्वो सर म्हणाले, "मॅडम, प्रदर्शन करताय की शाळा पाडताय?" शाळेच्या इतिहासात तिनं आठव्या वर्गाचं पान लिहिलं, वरून ते दोनदा परत आलं, तिनं ते तिसऱ्यांदा पाठवलं आहे. थांग-थांगला मात्र त्या फाटकाच्या आत तिनं पुन्हा कधीच नेलं नाही. आणि दुपारी मुलगी गप्प झाली की हातातलं टाकून ती धावते.

त्या सोमवारी संध्याकाळी तिघी घरी आल्या. पो-यान पाळी सोडून धावत आला होता, लेकीला छातीशी धरून बसला होता. सासूबाई पेरू कापत होत्या. थांग-थांग एक फोड खाऊन दुसरी मागत होती, आणि हे बघून सगळ्यांच्या जिवात जीव आला होता.

तिचं सोनुलं डोकं पेइ-रूनं कुरवाळलं. "आता ताई दिसत नाहीत ना गं?"

"इथे नाहीत. तिथे आहेत."

"झोपल्यात?"

"नाही गं. आजीनं उठवलं ना!" आईला एवढंही कळू नये, याचं थांग-थांगला नवल वाटलं. "सगळ्या उठल्या. दप्तरं घेतली. आता दाराजवळ रांग करून उभ्या आहेत."

सासूबाईंची सुरी थांबली.

थांग-थांगनं पेरूची फोड तोंडात घातली. चावली. गिळली. मग काहीतरी आठवल्यासारखं आईकडे वळून, कपाळाला लहानशी आठी घालून तिनं विचारलं,

"आई… पण त्यांना घरी न्यायला कोण येणार?"